पाच मुठी गहू

जवळ ये बाई. पुण्याहून इतक्या लांब काही येता येणार नाही, तेव्हा निदान हा कागद डोळ्यांजवळ धर आणि तो मोबाइल खाली ठेव. एका हातात मोबाइल आणि एका हातात माझं पत्र, असं मला चालणार नाही. परवा फोनवर काय म्हणालीस? "मोठी आई, बी.पी. आता नॉर्मल आलंय, म्हणून गोळी बंद केली." इतक्या आनंदात म्हणालीस, जणू पेढेच वाटायचेत. वर म्हणालीस, "वजन थोडं वाढलंय, पण ते काय, सगळ्यांचंच वाढतं." मी तेव्हा बोलले नाही. तुला वाटलं असेल, म्हातारीला ऐकू आलं नाही. आलं होतं. हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं आहे, आणि ज्यांनी म्हटलं त्यांना चार महिन्यांनी धुळ्याच्या दवाखान्यात नाकात नळी घालून झोपवलं होतं. झोपवलं म्हणते, पण त्यांना झोपता येत नव्हतं. बसवलं होतं. ते सांगते. रागावतेय असं समज आणि ऐक.

तुला तुझे आबा, तुझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आठवतात ते बारीक. सदरा खांद्यावरून लोंबणारा, पायजम्याची नाडी दोन वेळा गुंडाळलेली. त्याआधी ते दुसरेच गृहस्थ होते. तू तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होतीस, तुला काय आठवणार.

पिंप्राळ्यात आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, हे तुला माहीत आहे. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी ट्रॅक्टरमध्ये टाकून आणायचे, धरणगावहून, पार रावेरहून. आबा जळकं तांबं उपसून काढायचे, नवं भरायचे, आणि मोटर परत देताना गिऱ्हाइकाला झापायचे. "पाणी खाली गेलं, पाइप गाळाने भरला, आणि तू मोटर तशीच रेटत बसलास. तिला तोंड नाही म्हणून काय झालं?" गिऱ्हाईक मान हलवायचं. पुढच्या उन्हाळ्यात तीच मोटर घेऊन यायचं.

अंगाने ते लग्नानंतर भरत गेले, आणि त्याचं श्रेय मी घेतलं. खोटं कशाला सांगू. तुझी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाहून आल्या की आधी मुलाच्या पोटाकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघून मान डोलवायच्या. त्यांचं प्रमाणपत्र असंच असायचं, तोंडी नाही. गल्लीत ज्या बाईचा नवरा हडकुळा, तिला बायका हळूच विचारायच्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" मला कधी कोणी विचारलं नाही.

एकदा रावेरकडे मोटर बसवायला गेले, तिथे केळी भरायचं काम चाललं होतं. व्यापाऱ्याच्या माणसांनी गंमत म्हणून यांना काट्यावर बसवलं आणि दुसऱ्या बाजूला केळीचे घड लावत गेले. सहा घड लागले, तरी काटा यांच्याच बाजूला. मग वर एक फणी ठेवली तेव्हा बरोबर झालं. घरी येऊन मला कौतुकाने सांगितलं. मी पण शेजारी सांगितलं. पुढे कोणी वजन विचारलं की सांगायचे, "सहा घड आणि एक फणी."

बी.पी. त्यांना चष्म्याच्या दुकानात सापडलं. सकाळी उठल्यावर डोकं जड व्हायचं, बारीक तार दिसेना, म्हणून नंबर तपासायला गेले. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळ्यात बराच वेळ बघितलं आणि चष्मा द्यायचं सोडून दुसऱ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. पट्टा पुरेना. मोठा पट्टा आणला. मग गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाले, वजन उतरवा म्हणाले, महिन्याने या म्हणाले.

महिन्याने गेले. नॉर्मल. घरी आले, गोळ्यांची पट्टी फळीवर ठेवली आणि म्हणाले, "झालं. नीट झालं." मी म्हटलं, "डॉक्टरांनी बंद करायला सांगितली?" तर म्हणाले, "सांगायचं काय त्यात? मोटर दुरुस्त झाली. दुरुस्त झालेल्या मोटरीला कोणी रोज वाइंडिंग करतं का?" मला पटलं. तुझ्यावर रागावतेय, पण मला पटलं होतं, हेही लिहून ठेवते. मिठाचं म्हणशील तर वरून मीठ घ्यायचं त्यांनी सोडलं. पापड, लोणचं, ज्वारीच्या बिबड्या हे मीठ नव्हतं. ते जेवण होतं.

मग श्रावण आला आणि आम्ही कानबाईसाठी गावी गेलो.

तुमच्या पुण्यात कानबाई काय, ते कोणाला सांगत बसू नकोस, पण तुला विसरून चालायचं नाही. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाईमायची स्थापना, सोमवारी नदीवर विसर्जन. तिचे रोट असतात. प्रत्येक घराची रीत वेगळी. आमच्या घरची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने पाच मुठी गहू आणि दोन मुठी हरभऱ्याची डाळ. पुरुष घरी असो की नसो, जन्मलेला असला की त्याच्या पाच मुठी पडल्याच. त्याचं पुरण, पोळ्या, खीर, सोबत कटाची आमटी आणि गंगाफळाची भाजी. हे अन्न भाऊबंदांच्या बाहेर जात नाही. शेजारी द्यायचं नाही, टाकायचं तर नाहीच. आणि पौर्णिमेच्या आत संपलं पाहिजे.

पूर्वी सगळे गावात राहायचे तेव्हा दोन दिवसांत फडशा पडायचा. पण हळूहळू कोणी सुरतेला गेलं, कोणी नाशिकला, एक जण पलटणीत. पुरुष मोजले तर तेरा. जेवायला पाच. बायका मोजायची रीत नाही, फक्त लाटायची आहे, पण आम्हीही आमच्या परीने खायचोच. उरलेलं कोणाचं? थोरल्याचं. आबा थोरले. भाऊ सुरतेला असला तरी त्याच्या वाट्याचं देवीचं अन्न वाया जाऊ द्यायचं नाही, ही जबाबदारी त्यांनी कोणी न सांगता उचलली होती.

आणि मूठ कोणाची? तीही थोरल्याची. सुपाजवळ बसून आबा मुठी टाकायचे. तो हात तू बघायला हवा होतास. मोटरीचं बेअरिंग त्या हातात सुपारीसारखं दिसायचं. दरवर्षी ते जाड होत गेले तशी मूठ जाड होत गेली, मूठ वाढली तसे गहू वाढले, गहू वाढले तसे आबा. इतकी वर्षं आम्ही ते बघत होतो. हिशेब कोणाच्याही लक्षात आला नाही. पीठ दरवर्षी जास्त निघतं याचा अर्थ कानबाईमाय प्रसन्न आहे, असं तुझ्या आजींनी ठरवलं होतं.

त्या वर्षी रविवारी आबा नऊ पोळ्या जेवले. प्रत्येकीवर तूप. सोमवारी विसर्जनाला नदीपर्यंत चालत गेले आणि येताना तीन ठिकाणी बसले. मी विचारलं तर म्हणाले, "ऊन आहे." ढग होते. मंगळवारी त्यांच्या पायांत चपला जाईनात. चपला भिजून आखडल्या, असं म्हणाले. त्या चपला रबरी होत्या. बुधवारी पुन्हा रोट. तुझी आजी वाढतेय आणि म्हणतेय, "खाई ले भो, आते थोडंच ऱ्हायनं." आता थोडंच उरलंय. यांनी खाल्लं. गुरुवारी दुपारी जेवून आडवे झाले आणि धडपडत उठून बसले. पुन्हा आडवे, पुन्हा उठून बसले. म्हणाले, "आडवा झालो की विहिरीत उतरल्यासारखं होतंय." ओठांकडे बघितलं तर रंग निराळा.

तुझ्या वडिलांनी जीप आणली. आजी पण चढली. तिला वाटत होतं अपचन आहे. वाटभर म्हणत होती, "खाई तर ऱ्हायना ना पोऱ्या, मंग काय होयेल त्याले?" खातोय तर खरा, मग याला काय होणार? माणूस जेवतोय म्हणजे ठीक आहे, याच्यापलीकडे आमचं कोणाचं वैद्यक गेलेलं नव्हतं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, इकडचा नव्हता. इंजेक्शन, नळी, सगळं भराभर केलं. त्या इंजेक्शनाने इतकी लघवी झाली, की दुसऱ्या दिवशी पायांवरची कातडी सैल पडली आणि तोंडातून पुरं वाक्य निघू लागलं. मग डॉक्टर वही घेऊन बसला.

"वजन किती?"

"सहा घड आणि एक फणी."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "केळीच्या काट्यावर केलंय." त्याने काही न लिहिता पुढे विचारलं, "काम काय करता?"

"मोटर वाइंडिंग."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. हृदय म्हणजे पंप."

"किती हॉर्सपॉवरचा?"

"ते राहू द्या. आपापल्या मुठीएवढा असतो." मग छातीचा फोटो खिडकीकडे धरून म्हणाला, "आणि हा तुमचा." आबांनी मूठ वळून त्या फोटोवर धरली. मूठ मावून हृदय चहूकडून उरत होतं. एवढी ती मूठ, तरी.

कोपऱ्यातून आजी म्हणाली, "मोठं झायं ते चांगलंच ना?"

"नाही आजी. तुमच्या मुलाच्या अंगातल्या पाइपांत दाब वाढलाय. पंपाला प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो, आणि त्याला सुट्टी नाही. हमालाचा दंड ओझ्याने फुगतो, तसा तो आधी जाड होतो. तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. मग ताठर होतो. पुढे थकतो आणि ढिला पडतो. थकलेल्या पंपाने पाणी पुढे जात नाही, मागे तुंबतं. छातीत तुंबलं की दम, पायांत तुंबलं की सूज." मग आबांकडे वळून म्हणाला, "आणि वजनाचं असं, की पंप दोन एकरांचा होता, तुम्ही जमीन पाच एकर केलीत."

आबांनी फोटो आपल्या हातात घेतला. "मग पंप बदला."

"बाजारात मिळत नाही."

"रिवाइंडिंग?"

"तेही होत नाही. लोड कमी करायचा, एवढंच आपल्या हातात आहे."

आबा म्हणाले, "मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो."

"ऐकतात?"

"नाही."

मग गोळीचं निघालं. दुरुस्त झालेल्या मोटरीचं म्हणणं आबांनी त्यालाही सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "बी.पी. नॉर्मल आलं ते गोळी चालू होती म्हणून. गोळी म्हणजे दुरुस्ती नव्हे, ती राखण आहे. राखणदाराला घरी पाठवलं की डुकरं शेतात शिरणारच." हे वाक्य मी तेव्हा पाठ केलं. आज तुझ्यासाठी लिहून काढलं. परत वाच.

शेवटी त्याने विचारलं, आठवडाभर काय खाल्लं. मी मोजून सांगितलं. पोळ्या, तूप, आमटीतलं मीठ, सगळं. तो म्हणाला, "एवढं कशाला? शेजारी वाटायचं." मी म्हटलं, "रोट बाहेर जात नाहीत." तो म्हणाला, "मग कमी करायचे." मी म्हटलं, "माणशी पाच मुठी आहेत." त्याने वही मिटली आणि मला एकटीला दाराशी बोलावून म्हणाला, "बाई, तुमच्या रीतीत मी बोलत नाही. पण पुढच्या वर्षी असंच झालं, तर जीप इथपर्यंत वेळेत पोचेल असं मला वाटत नाही."

ते वर्ष कसं गेलं, विचारू नकोस. आबा गोळी घेत होते, सकाळी दुकान उघडायच्या आधी चालायला जात होते, बिनमिठाची वांग्याची भाजी तोंड वाकडं न करता खात होते. वाकडं करायचे, पण मी बघत नसताना. अंगाने उतरू लागले तशा गल्लीतल्या बायका मला विचारू लागल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हणायची, "ठीक आहे, म्हणून तर." त्यांना ते कळायचं नाही. पण माझ्या डोक्यात एकच, श्रावण. कारण हा माणूस दुकानात, घरात, लग्नात सगळीकडे 'नको' म्हणायला शिकला होता, पण कानबाईच्या ताटावर तो नको म्हणणार नव्हता. मी विचारून बघितलं होतं. म्हणाले, "देवीचं आहे. तेवढ्याने काय होतं?"

गावी गेल्यावर मी आधी तुझ्या वडिलांना गाठलं. म्हटलं, यंदा हजर असतील तेवढ्याच पुरुषांचे गहू घेऊ. तुझे वडील ताडकन म्हणाले, "वहिनी, देवीच्या कामात डॉक्टर आणू नका. सुरतवाल्याच्या नावाचे गहू टाकले नाहीत आणि तिकडे त्याला काही झालं, तर?" नाव काढणं म्हणजे जिवंत माणसाला घरातून काढणं. मलाही ते जमलं नसतं.

मग सासूबाईंकडे गेले. त्या वाती वळत होत्या. सगळं सांगितलं. डॉक्टर दाराशी काय म्हणाला, तेही सांगितलं. त्यांना ते तोवर कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी वाती वळणं थांबवलं नाही. "हं," म्हणाल्या. दोन दिवस तोच 'हं' घेऊन मी फिरत होते.

गहू काढायच्या दिवशी सकाळी सूप मांडलं, पोतं सोडलं, आबा हात धुऊन येऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "तू ऊठ." आबा उठले. सासूबाईंनी तुला हाक मारली. तू ओट्यावर कोंबडीच्या मागे होतीस, साडेतीन वर्षांची, नाक गळतंय. तुझे हात पुसले, तुला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मूठ भर."

तुझे वडील म्हणाले, "माय, गडी मानूसना हात जोयजे!" पुरुषाचा हात पाहिजे.

त्या म्हणाल्या, "पाच मुठी सांगेल शे. कोनी मूठ, ते कोठे सांगेल शे?" पाच मुठी सांगितल्यात, कोणाची मूठ, ते कुठे सांगितलंय?

तुझ्या वडिलांनी आबांकडे बघितलं. आबा धान्याच्या कोठीकडे बघत होते.

तेरा पुरुषांच्या पाच-पाच मुठी तू मोजल्यास. मोजल्या म्हणजे आजी मोजत होती, तू टाकत होतीस. अर्धे दाणे बोटांतून गळायचे. ते आजी परत पोत्यात सरकवायची, सुपात नाही. सातव्या पुरुषाला तू दमलीस आणि विचारलंस, "मला खाऊ?" गुळाचा खडा मिळाला. अकराव्याला रडलीस. सुरतवाला, नाशिकवाला, पलटणीतला, कोणाचंही नाव गळलं नाही. सगळ्यांच्या पाच मुठी पुऱ्या. आणि सुपाचा तळ जेमतेम झाकला होता.

त्या वर्षी रोट सोमवारी संध्याकाळीच संपले. आबा दोन पोळ्या जेवले, तूप बोटभर. तिसऱ्या पोळीला त्यांनी हात पुढे केला, तर सासूबाईंनी रिकामा टोपला उलटा करून दाखवला. "सरी गयं." संपलं. आबांनी हात मागे घेतला. विसर्जनाहून येताना ते कुठे बसले नाहीत. मी मागून चालत त्यांच्या चपलांकडे बघत होते. टाचेमागे बोटभर जागा होती. तुझे वडील मात्र उपाशी राहिले म्हणून मंगळवारी मी त्यांना कळण्याची भाकरी करून घातली.

तुझी आजी हुशार बाई. पोरगी वाढणार, मूठ वाढणार, हे तिने त्याच दिवशी ओळखलं. तुझी एक मूठ गहू एका पितळी वाटीत टाकून बघितली. देवघरातली, कुंकवाची वाटी. बरोबर काठोकाठ. तेव्हापासून आमच्याकडे मूठ म्हणजे ती वाटी. आजी गेली, वाटी माझ्याकडे आली. आबा पुढे बरीच वर्षं राहिले. तुझ्या लग्नात जिलबीचा अर्धा वेढा खाल्ला आणि उरलेला माझ्या ताटात ठेवला, तुला दिसलं होतं. त्यांचं हृदय परत मुठीएवढं काही झालं नाही. डॉक्टर म्हणायचे, जेवढं बिघडलं तेवढ्यावर थांबलंय, हेच खूप. पण चालत राहिलं. अगदी शेवटी अंथरुणावरूनही एका गिऱ्हाइकाला झापत होते.

गोळ्यांचा डबा अजून फळीवर आहे, रिकामा. तो मी टाकत नाही. मला सवय लागलीय, सकाळी तिकडे बघायची.

तर आता तुझं ऐक. ज्या माणसाचं ताट तुझ्या मुठीने आटोक्यात आणलं, त्याच्या घरची पोर तू, आणि त्याचंच वाक्य मला फोनवर ऐकवतेस. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. गोळी बंद करायची असेल तर ते करतील, तू नाही. आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी गावी ये. रजा मिळत नाही म्हणू नकोस. येताना डॉक्टरांचा कागद आण, गोळ्यांची पट्टी आण, किती संपल्यात ते मी मोजून बघणार आहे. वाटी घासून ठेवते. गहू यंदा तूच टाक. आणि हात जरा मला बघू दे, केवढा झालाय. लवकर ये बाई.